बटाट्याचं संग्रहालय आणि लाव्हावरचा तंबू: आग्नेय आयडाहोच्या कॅम्पिंग सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही सहल नेमकी कुठली, आणि किती दिवसांची?

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातली. ब्लॅकफूट गावातलं आयडाहो पोटॅटो म्युझियम बघायचं, तिथून साधारण ८० मैलांवर 'क्रेटर्स ऑफ द मून' या राष्ट्रीय स्मारकात (लाव्हाच्या खडकांच्या राखीव प्रदेशात) तंबू ठोकायचा आणि मग हवं तर यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाकडे निघायचं. दोन रात्री पुरतात. बहुतेक मंडळी सॉल्ट लेक सिटीला उतरून गाडी भाड्याने घेतात आणि थेट यलोस्टोन गाठतात, त्यामुळे हा भाग खिडकीतूनच मागे पडतो. निदान एक मुक्काम इथे करावाच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बटाट्याच्या संग्रहालयाचा आणि ज्वालामुखीच्या खडकांचा संबंध काय? दोन वेगळ्याच गोष्टी वाटतात.

वरवर तसं वाटतं खरं. ब्लॅकफूटहून क्रेटर्सकडे जाताना लागणाऱ्या आर्को गावाजवळ रस्त्याच्या कडेला बिग लॉस्ट रिव्हर दिसते. डोंगरातून वाहत आलेली ही नदी या मैदानात येते आणि जमिनीत मुरून नाहीशी होते, कुठल्याच नदीला मिळत नाही. खालचा, लाव्हा थिजून बनलेला काळा बेसॉल्ट खडक भेगांनी आणि पोकळ्यांनी भरलेला आहे, तो पाणी पिऊन टाकतो. हे पाणी स्नेक नदीच्या मैदानाखालच्या प्रचंड भूजलसाठ्यात जातं आणि पुष्कळ पुढे, हॅगरमन गावाजवळच्या कड्यांमधून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. या भागात पाऊस इतका कमी पडतो की सिंचनाशिवाय बटाटा पिकूच शकत नाही. शेतांना पाणी मिळतं ते स्नेक नदीच्या कालव्यांतून आणि याच भूजलातून. जोडीला वाऱ्याने वाहून आणलेली भुसभुशीत माती, उन्हाळ्यातले तापलेले दिवस आणि गार रात्री. गार रात्रीत झाड दिवसा तयार केलेली साखर कमी खर्च करतं, ती स्टार्च होऊन कंदात साठते. तेव्हा सकाळी काचेमागे जो बटाटा बघता, त्याच्या पाण्याचं घर म्हणजे तुम्ही रात्री ज्यावर झोपता तसाच लाव्हा. आधी संग्रहालय आणि मग लाव्हा या क्रमाने गेलात तर हा धागा आपोआप हाती लागतो.

संग्रहालय कुठे आहे आणि कसं ओळखायचं?

आय-१५ महामार्गावर ९३ क्रमांकाची एक्झिट घ्या आणि गावात शिरा. संग्रहालय नॉर्थवेस्ट मेन स्ट्रीटवर, ऑरेगन शॉर्ट लाइन रेल्वेच्या १९१३ साली बांधलेल्या जुन्या स्थानकात आहे. बाहेर लोण्याचा गोळा आणि सावर क्रीम घातलेला भलामोठा भाजका बटाटा आहे, चुकणं अवघड आहे. फोटोसाठी सकाळची वेळ बरी, दुपारी गाड्यांची वर्दळ वाढते.

आत बघण्यासारखं काय आहे? तासभर तरी जातो का?

सगळे फलक वाचले तर दीड तास, लहान मुलं बरोबर असतील तर पाऊण तास.

सगळ्यांना आधी बघायचा असतो तो जगातला सर्वांत मोठा बटाट्याचा क्रिस्प. प्रिंगल्स बनवणाऱ्या कंपनीने १९९०मध्ये तयार केलेला, सुमारे २५ इंच लांब आणि १४ इंच रुंद. एवढ्या मापाचा बटाटा आणला कुठून, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं, की तो बटाट्याचा काप नाहीच. प्रिंगल्स वाळवलेल्या बटाट्याच्या पिठापासून करतात: पीठ मळायचं, लाटायचं, कापायचं, साच्यात तळायचं. त्यामुळे आकाराला बटाट्याचं बंधन नाही, फक्त साचा आणि कढई तेवढी हवी. जवळ जाऊन बघा, त्याला तडे गेलेले दिसतात. एवढा पातळ आणि कोरडा पदार्थ तीस-पस्तीस वर्षं तुकडे न होता राहिला, हेच पुष्कळ.

दुसरी वस्तू म्हणजे माजी उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी सही केलेला बटाटा. १९९२मध्ये एका शाळेत त्यांनी विद्यार्थ्याने बरोबर लिहिलेल्या 'पोटॅटो'च्या शेवटी एक जादा 'ई' लावायला सांगितलं होतं आणि ती गोष्ट देशभर गाजली होती. मॅरिलिन मन्रोने बटाट्याच्या गोणीचा शिवलेला झगा घालून फोटो काढून घेतले होते, त्याचीही मांडणी आहे. शिवाय बटाटे कुस्करायच्या मॅशरचा मोठा संग्रह आणि मिस्टर पोटॅटो हेड खेळणी.

आम्ही मात्र शेतीच्या अवजारांपाशी जास्त वेळ काढायला सांगू. बेणं कापायची साधनं, लागवडीची यंत्रं, घोड्यांनी ओढायचे काढणीचे नांगर आणि पुढे आलेली यंत्रं ओळीने बघत गेलात की एक गोष्ट लक्षात येते: बटाटा पिकवण्यापेक्षा तो न खरचटता जमिनीबाहेर काढणं जास्त कठीण. काढणीच्या वेळी कंद फार गार असला की आपटल्यावर आतून काळा पडतो, आणि फार गरम असला की साठवणीत सडतो. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या काढणीत शेतकरी जमिनीचं तापमान मोजून यंत्रं चालू-बंद करतात.

'रसेट बरबँक' हे नाव सगळीकडे दिसतं. ते काय आहे?

आयडाहोची ओळख बनलेली जात. मॅसॅच्युसेट्समध्ये रोपांच्या नव्या जाती तयार करणारे ल्यूथर बरबँक यांना १८७२च्या सुमारास 'अर्ली रोझ' जातीच्या झाडाला एक बोंड लागलेलं सापडलं. बटाट्याला बोंड धरणं तसं विरळा, आणि या जातीला तर जवळपास धरतच नसे. त्यातल्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून त्यांनी एक निवडलं आणि पुढे हक्क १५० डॉलरला विकून टाकले. खरबरीत तपकिरी सालीचा रसेट बरबँक हा त्याच जातीत नंतर आपोआप झालेला बदल. लांबट आकार, भरपूर स्टार्च, कमी पाणी. भाजला की आतून भुगा होतो, तळला की लांब सळ्या निघतात. फ्रेंच फ्राइजच्या धंद्याला तो इतका मानवला त्यामागे हेच कारण.

परराज्यातल्या पाहुण्यांना बटाटे फुकट मिळतात, हे खरं आहे का?

हो, ही या संग्रहालयाची जुनी प्रथा आहे. पण ताज्या बटाट्यांची पिशवी मिळेल अशा अपेक्षेने जाऊ नका. सहसा वाळवलेल्या बटाट्याच्या किसाचं लहान खोकं मिळतं, हॅश ब्राउन करण्यासाठी. कॅम्पिंगला ते ताज्या बटाट्यापेक्षाही सोयीचं. खोक्यात खुणेपर्यंत गरम पाणी ओता, तोंड बंद करून १० ते १२ मिनिटं ठेवा, पाणी पूर्ण निथळा आणि तव्यावर दोन चमचे तेलात पातळ थर पसरा. एका बाजूने ४-५ मिनिटं अजिबात हलवू नका. तीच चूक सगळे करतात: सारखं ढवळलं की कुरकुरीत पापुद्रा धरत नाही आणि उपमा होतो. मीठ, बारीक चिरलेली मिरची आणि जिरं उलटण्याच्या जरा आधी घाला.

तिथे खायला काय मिळतं? शाकाहारी लोकांची सोय होते का?

आवारातल्या कॅफेत भाजलेला बटाटा आणि फ्राइज मिळतात. भाजलेल्या बटाट्यावर बेकनचे (डुकराच्या मांसाचे) तुकडे घालायची पद्धत आहे, म्हणून ऑर्डर देतानाच 'बेकन नको' सांगा. चिली नावाच्या दाट रश्श्यात बहुधा मांस असतं, तेही विचारून घ्या. लोणी, चीज, सावर क्रीम आणि पातीचा कांदा एवढं घेतलंत तर एका माणसाचं जेवण होतं.

कुठल्या दिवशी जावं?

सोमवार ते शनिवारमधला कुठलाही दिवस. या भागातल्या लहान गावांत रविवारी बरीच दुकानं आणि खाणावळी बंद असतात. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे आदल्या दिवशी संग्रहालयाला फोन केलेला बरा. लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आठवड्यात ब्लॅकफूटमध्ये ईस्टर्न आयडाहो स्टेट फेअर भरते, तेव्हा गावात पार्किंग आणि राहण्याची सोय दोन्ही अवघड होतात.

सप्टेंबरच्या मध्याला येणार असाल तर जवळच्या शेली गावातला 'स्पड डे' बघा. १९२७पासून चालत आलेली ही जत्रा. कुस्करलेल्या बटाट्याने भरलेल्या खड्ड्यावर रस्सीखेच होते आणि हरलेला संघ त्यात पडतो. या गावच्या हायस्कूलच्या संघाचं नावच 'रसेट्स' आहे. काढणीच्या दिवसांत इथल्या शाळांना सुट्टी देण्याचीही पद्धत आहे, कारण मोठी मुलं शेतावर कामाला जातात.

मुक्कामाला क्रेटर्स ऑफ द मूनच का?

कारण लाव्हाच्या मधोमध तंबू ठोकता येईल अशा जागा फार थोड्या आहेत. इथले उद्रेक सुमारे १५,००० वर्षांपूर्वी सुरू झाले आणि शेवटचा अंदाजे २,००० वर्षांपूर्वी झाला. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी १९२४मध्ये या भागाला राष्ट्रीय स्मारक घोषित केलं. ऑगस्ट १९६९मध्ये अपोलो मोहिमांचे अंतराळवीर अॅलन शेपर्ड, एडगर मिशेल, यूजीन सर्नन आणि जो एंगल ज्वालामुखीचे खडक ओळखायला शिकण्यासाठी इथे आले होते. २०१७पासून याला आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क'चा (कृत्रिम उजेडापासून जपलेल्या काळोख्या आकाशाचा) दर्जा आहे, त्यामुळे अमावस्येच्या आसपासची रात्र मिळाली तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी लख्ख दिसते.

तिथे जागा आरक्षित करता येते का?

'लाव्हा फ्लो कॅम्पग्राउंड'मध्ये ४२ जागा आहेत आणि त्या प्रथम येणाऱ्याला मिळतात. सगळ्या सहलीचं वेळापत्रक इथेच ठरतं. पुष्कळ जण संग्रहालयाच्या वेळेवरून दिवस आखतात, तिथे रमतात, दुपारचं जेवण रेंगाळतं, मग संध्याकाळी सहाला पोचतात आणि जुलैच्या शनिवारी एकही जागा शिल्लक नसते. दिवस आखायचा तो तंबूच्या जागेवरून. आधीची मंडळी सकाळी निघतात, त्यामुळे ११ ते १ ही पोचायची उत्तम वेळ. निघायच्या आधी स्मारकाच्या अधिकृत संकेतस्थळावर नियम एकदा तपासा, वाटेत नेटवर्क मिळेलच असं नाही.

सॉल्ट लेक सिटीहून असं जमतं: सकाळी ६ला निघा, सुमारे १९० मैल, तीन तासांत ब्लॅकफूट. पेट्रोल, बर्फ, भाजी घेऊन साडेनऊ-दहाला संग्रहालय. साडेअकराला बाहेर पडा. यूएस-२६ने आर्को ६० मैल, तिथून पुढे १८ मैल. एकच्या सुमाराला तंबूची जागा हाती. आठवड्याच्या मधल्या दिवशी एवढी घाई लागत नाही, पण शुक्रवार-शनिवारी वेळ पाळाच.

जागा नाही मिळाली तर आर्कोत खासगी आरव्ही पार्क (आत राहण्याची सोय असलेल्या गाड्यांचे तळ) आहेत. आर्कोच्या हद्दीत पोचल्यावर तिथला दर आणि शिल्लक जागा विचारून पुढे गेलात तर मागे फिरायची वेळ आली तरी गडबड होत नाही.

कॅम्पग्राउंडवर काय सोयी आहेत?

उन्हाळ्यात पिण्याचं पाणी, फ्लशचे संडास, प्रत्येक जागेला टेबल आणि कोळशाची शेगडी. वीज, आंघोळीची सोय, आरव्हीसाठी पाण्या-विजेची जोडणी किंवा सांडपाणी सोडायची जागा नाही. पेट्रोल आणि किराणाही नाही, ते आर्कोतच घ्यायचं. लाकडं जाळायला मनाई आहे, फक्त कोळसा आणि गॅसची शेगडी चालते. लाकडाच्या मोळ्या घेऊन आलेले लोक दर संध्याकाळी दिसतात. तुम्ही आणू नका.

प्रवेश शुल्क आणि मुक्कामाचं शुल्क वेगवेगळं. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर प्रवेश माफ होतो, मुक्कामाचं शुल्क भरावंच लागतं. पुढे यलोस्टोनला जाणार असाल तर पासचा हिशेब आधी करा. अमेरिकेत राहणाऱ्यांचे आणि परदेशातून आलेल्या पाहुण्यांचे दर वेगळे आहेत. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर हे ध्यानात ठेवा.

लाव्हावर तंबूचे खुंटे रोवता येतात का?

हा या जागेचा सर्वांत मोठा त्रास आहे. तंबूच्या जागेत ज्वालामुखीची खडी असते, वाटाण्यापासून बोरापर्यंत आकाराची, सच्छिद्र आणि हलकी. तिच्यात पातळ अॅल्युमिनियमचा खुंटा सहज जातो आणि तितक्याच सहज उपटून येतो, कारण खडीचे दाणे एकमेकांना धरून राहत नाहीत. चार बोटं खाली गेलात की टणक खडक लागतो आणि खुंटा वाकतो. वर दुपारनंतर नैर्ऋत्येचा वारा सुटतो. तंबू रिकामा सोडून गुहा बघायला गेलेल्यांना परत येईपर्यंत तो दुसऱ्याच्या जागेत मिळतो.

उपाय असा:

- आपल्या आपण उभा राहणारा, दांड्यांचा तंबू आणा. खुंट्यांवर ताणूनच उभा राहणारा इथे उपयोगी नाही.
- १० ते १२ इंचाचे जाड पोलादी खिळे आणि हातोडी बरोबर ठेवा. खिळ्याचं डोकं तंबूपासून बाहेर कलेल असा ४५ अंशांत तिरका ठोका.
- चार रिकाम्या कापडी पिशव्या आणा, प्रत्येकीत ५ लिटरचा पाण्याचा कॅन ठेवून तंबूच्या आतल्या चार कोपऱ्यांत ठेवा. वीस किलो वजन झालं, आणि तेच पाणी स्वयंपाकाला.
- वाऱ्याच्या बाजूचे दोर गाडीच्या चाकाला बांधा.
- आजूबाजूचे लाव्हाचे दगड उचलून खुंट्यांवर ठेवू नका. ते हलवायला आणि न्यायला बंदी आहे.

तंबूखाली जाड ताडपत्री घाला आणि ती पसरण्याआधी जागा हाताने चाचपून टोकदार खडे बाजूला करा. लाव्हाचा खडा काचेसारखा असतो. हवेच्या गादीला भोक पडलं की रात्री दोनपर्यंत पाठ जमिनीला लागते. एक फोमची चटई खाली असू द्या.

हवा कशी असते? काय कपडे न्यावेत?

उंची सुमारे ५,९०० फूट. जुलैत दुपारी हवा ३० अंशांच्या आसपास, पहाटे १० अंशांवर. काळा खडक मात्र उन्हात ६५ अंशांच्या वर तापतो. सावली जवळपास नाहीच. त्यामुळे पायवाटा सकाळी १० पर्यंत किंवा संध्याकाळी ६ नंतर, आणि मधल्या वेळेत गुहा. माणशी रोज ४ लिटर पाणी धरा. बंद बूट घाला, चपला नाहीत: पडलात तर हात-गुडघे सोलवटून निघतात. रात्रीसाठी शून्य अंश सेल्सिअसचं रेटिंग असलेली स्लीपिंग बॅग, कानटोपी आणि मोजे. मे महिन्यात आणि सप्टेंबरअखेरीस पाणी गोठेल एवढी थंडी पडू शकते. हिवाळ्यात आतला सात मैलांचा फेरीचा रस्ता गाड्यांना बंद असतो. आमची पसंती जूनचा मधला पंधरवडा, कारण तेव्हा काळ्या खडीवर इवली इवली रानफुलं फुलतात. ऑगस्टमध्ये वणव्यांच्या धुराने आकाश झाकोळतं.

गुहांमध्ये जायला परवानगी लागते का?

लागते, फुकट मिळते, व्हिजिटर सेंटरमध्ये. तिथे विचारतात: हे बूट, कपडे, कॅमेरा घालून दुसऱ्या कुठल्या गुहेत किंवा खाणीत गेला होतात का? वटवाघळांना मारणारा 'व्हाइट-नोझ सिंड्रोम' हा रोग ज्या बुरशीमुळे होतो, ती बुटांच्या मातीतून पसरते, म्हणून ही चौकशी. दुसरीकडच्या गुहा बघून आला असाल तर ते कपडे-बूट इथे वापरू नका, दुसरा जोड घ्या. परवानगी आधी काढा, मग गुहेकडे जा.

पहिल्यांदा आलेल्यांनी 'इंडियन टनेल' ही गुहा करावी. सुमारे ८०० फूट लांब, ३० फूट उंच, छत मधे मधे कोसळल्यामुळे उजेड येतो. पायाखाली मात्र मोठमोठे दगड आहेत, गुडघेदुखी असणाऱ्यांनी तोंडाशीच थांबलेलं बरं. बाकीच्या गुहांत माणशी एक हेडलॅम्प आणि एक जादा टॉर्च हवा. मोबाइलचा दिवा पुरत नाही, आणि दोन्ही हात मोकळे लागतात. आजी-आजोबांना 'इन्फर्नो कोन' या ज्वालामुखीच्या खडीच्या टेकडीची वाट छोटी पण चांगलीच खडी पडते.

कोळशावर आयडाहोचा बटाटा कसा भाजायचा?

२५० ते ३०० ग्रॅमचे, साधारण एकाच आकाराचे रसेट घ्या. स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करा, काट्याने प्रत्येकाला ६-८ भोकं पाडा (वाफेला वाट नसेल तर बटाटा फुटतो), तेल आणि मीठ चोळा. चार बटाट्यांना ३० ब्रिकेट (दाबून केलेले कोळशाचे गोळे) लागतात. पेटवून २० मिनिटं थांबा, कोळशावर करडी राख धरली पाहिजे. ज्वाळेवर ठेवलेला बटाटा बाहेरून जळतो आणि आत कच्चा राहतो. बटाटे थेट निखाऱ्यावर न ठेवता जाळीवर कडेला ठेवा, दर १२-१५ मिनिटांनी फिरवा. ५० ते ६० मिनिटं लागतात. वारा असेल तर पाऊण तासाने ८-१० ब्रिकेट वाढवा. सुरी टोचली की लोण्यासारखी गेली पाहिजे. जवळ थर्मामीटर असेल तर मधोमध ९३ अंशांच्या आसपास.

फॉइलमध्ये गुंडाळल्याने तो भाजत नाही, वाफवला जातो, साल मऊ आणि ओलसर राहते. राखेपासून बचाव म्हणून शेवटची दहा मिनिटं गुंडाळलंत तर हरकत नाही. एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या: फॉइलमधला भाजलेला बटाटा उरला तर तसाच बाहेर ठेवू नका. आत हवा नाही, ओलावा आहे, ऊब आहे. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंना हीच परिस्थिती लागते, आणि त्यातून माणसं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. फॉइल काढा, बटाटा फोडून गार करा आणि दोन तासांच्या आत बर्फाच्या पेटीत ठेवा.

भाजी-रश्श्याला हेच बटाटे चालतात का?

रसेट रश्श्यात विरघळतो, फोडी राहत नाहीत. रस्सा किंवा मसालेभातासाठी लाल सालीचे किंवा पिवळे बटाटे घ्या. रसेटच्या काचऱ्या मात्र सुरेख होतात: ३ मिलिमीटरचे काप, १५ मिनिटं पाण्यात, मग फडक्यावर कोरडे करून तेलात. पाण्यात न ठेवता टाकले तर सुटलेल्या स्टार्चमुळे एकमेकांना चिकटतात.

या उंचीवर पाणी ९४ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात बटाट्याच्या इंचभर फोडींना १२-१५ मिनिटांऐवजी १८-२० मिनिटं लागतात, आणि डाळ तर तासन्‌तास शिजत नाही. तीन लिटरचा कुकर न्या, नेहमीपेक्षा एक शिट्टी जास्त करा. लहान बर्नरवर कुकर डगमगतो, म्हणून दोन बर्नरची पसरट शेगडी बरी.

गॅस विमानात नेता येत नाही, रिकामं दिसणारं सिलिंडरसुद्धा नाही. ४६५ ग्रॅमची हिरवी प्रोपेन सिलिंडरं उतरल्यावर विकत घ्या. एक बर्नर पूर्ण आचेवर ठेवला तर एक सिलिंडर दोनेक तास चालतं. चौघांना दोन दिवसांसाठी दोन, वाऱ्याची भीती असेल तर तीन.

कच्चे बटाटे बर्फाच्या पेटीत ठेवू का?

नको. फार गारव्यात बटाट्यातला स्टार्च साखरेत बदलतो, मग तळताना तो आतून शिजायच्या आधी काळपट होतो आणि चव गोडसर लागते. ऊनही नको: सालीला हिरवा रंग चढतो आणि त्याबरोबर सोलानिन हे कडवट विषारी द्रव्य वाढतं. हिरवा भाग खोलवर कापून टाका, पूर्ण हिरवा असेल तर बटाटाच टाका. कागदी पिशवीत, गाडीत सीटखालच्या सावलीत ठेवा. रात्री पिशवी बाहेर राहिली तर खारी आणि चिपमंक फोडतात. पुढे यलोस्टोनमध्ये अस्वलांमुळे खाण्याची प्रत्येक वस्तू, टूथपेस्टसकट, बंद गाडीत ठेवण्याची सक्ती आहे.

ब्लॅकफूट ते आर्को रस्त्यावर काय काळजी घ्यावी?

टाकी भरूनच निघा. हा रस्ता आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या ओसाड हद्दीतून जातो, तिथे रस्ता सोडून भटकायला मनाई आहे. डाव्या हाताला लांबवर एकटा उभा दिसणारा डोंगर म्हणजे बिग सदर्न ब्यूट. काढणीच्या दिवसांत बटाट्याचे ट्रक शेतांतून हळू रस्त्यावर येतात, वळणावर त्यांच्यातून बटाटे सांडतात. अंतर ठेवा. संध्याकाळी हरणं आणि हरणासारखे दिसणारे प्राँगहॉर्न आडवे येतात.

याच रस्त्यावर, आर्कोच्या अलीकडे १८ मैलांवर ईबीआर-१ ही अणुभट्टी आहे, आता संग्रहालय. २० डिसेंबर १९५१ला तिच्या विजेवर चार दिवे पेटले, अणुऊर्जेतून मिळालेली ती पहिली उपयोगी वीज. उन्हाळ्यातच उघडी असते, प्रवेश फुकट. पहिल्या दिवशी थांबू नका, तंबूची जागा जाईल. तिसऱ्या दिवशी आयडाहो फॉल्सकडे जाताना हीच वाट आहे, तेव्हा तासभर द्या. आर्को गाव स्वतः १७ जुलै १९५५ रोजी अणुविजेवर उजळलं होतं, आणि गावामागच्या कड्यावर रंगवलेले आकडे म्हणजे हायस्कूलच्या दर वर्षीच्या तुकडीने लिहिलेलं आपलं साल.

क्रेटर्सहून यलोस्टोन किती लांब?

आयडाहो फॉल्समार्गे वेस्ट यलोस्टोन सुमारे २०० मैल, थांबे धरून साडेचार-पाच तास. बाजारहाट आयडाहो फॉल्सलाच उरका, पुढे महाग पडतं. आग्नेय आयडाहोचं घड्याळ सॉल्ट लेकचंच. सिएटलकडून येणाऱ्यांचा मात्र एक तास वाटेत जातो.

बटाट्यात झोपता येईल असं हॉटेल इथेच आहे ना?

नाही. तो २८ फुटी बटाटा राज्याची राजधानी बॉइसीच्या दक्षिणेला आहे, ब्लॅकफूटपासून अडीचशे मैलांच्या आसपास. ट्रेलरवरून देशभर फिरवलेला हा जाहिरातीचा बटाटा पुढे राहण्याच्या खोलीत बदलला. त्यासाठी वेगळा दिवस लागेल आणि आधी आरक्षण लागेल.

ताजे बटाटे घरी नेले तर चालतात का?

बहुतेक राज्यांत गाडीतून खाण्यापुरते नेले तर कुणी अडवत नाही. कॅलिफोर्नियाच्या सीमेवर कृषी तपासणी नाके आहेत, तिथे फळं-भाज्यांबद्दल विचारलं की खरं सांगा. ते बघतात आणि गरज वाटली तर ठेवून घेतात. भारतात कच्चे बटाटे सामानातून नेऊ नका, रोपांच्या आणि कंदांच्या आयातीला परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. संग्रहालयातून मिळालेलं वाळवलेल्या किसाचं खोकं न फोडता चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवा, कोपरे दबले की शिवण उघडते आणि किस सगळ्या बॅगभर होतो.